विश्लेषण : जुना पूल पाडून नवा बांधायला इतका वेळ का लागतो? गोखले पुलाने काय शिकवले?

मुंबईत रेल्वेरुळांवरचे जुने पूल एकामागोमाग एक पाडले जात आहेत. कर्नाक, शीव आणि आता प्रभादेवीचा एल्फिन्स्टन. पूल बंद झाला की आजूबाजूच्या रहिवाशांचा आणि दुकानदारांचा एकच प्रश्न असतो, ‘किती दिवस?’ अंधेरीच्या गोखले पुलाच्या बाबतीत उत्तर होते, अडीच वर्षे. हा वेळ नेमका कुठे गेला?

गोखले पूल का पाडावा लागला?

३ जुलै २०१८ रोजी मुसळधार पावसात या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यात दोघांचा जीव गेला. पुढे संपूर्ण पूलच धोकादायक ठरल्याने ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो वाहतुकीसाठी बंद करण्यात आला.

वाहने कुठून वळवली?

विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, जोगेश्वरीचा पूल, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे हे पर्याय होते. यातला सर्वात जवळचा अंधेरी सबवे पावसाळ्यात हमखास तुंबतो. त्यामुळे जोराचा पाऊस आला की अंधेरी पूर्व-पश्चिम प्रवासासाठी थेट पुढचे किंवा मागचे स्टेशन गाठावे लागे.

रुळांवरचे काम इतके संथ का?

रुळांवरच्या तारांमधून २५ हजार व्होल्टचा वीजप्रवाह असतो. तो बंद केल्याशिवाय वर क्रेन चालवता येत नाही. त्यामुळे ब्लॉक मिळतो तो प्रामुख्याने शेवटची लोकल गेल्यावर, पहिली सुटेपर्यंत. म्हणजे हातात जेमतेम काही तास. जुना पूलही तुकड्या-तुकड्यांनीच उतरवावा लागतो.

नव्या पुलाचे लोखंडी गर्डर अंबाल्याच्या कारखान्यात तयार झाले. सुटे भाग अंधेरीत आणून जोडले गेले. सुमारे १,३०० टनांचा पहिला गर्डर डिसेंबर २०२३ मध्ये रुळांवर सरकवण्यात आला. नंतर तो साडेतेरा मीटर उत्तरेला आणि साडेसात मीटर खाली आणावा लागला. पूल बंद झाल्यापासून इथपर्यंतच वर्ष उलटले होते.

पूल उभा राहिला, मग अडले कुठे?

शेजारच्या पुलाशी. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा लगतचा बर्फीवाला उड्डाणपूल सुमारे दीड मीटर खाली राहिला होता. रेल्वेच्या नव्या नियमानुसार रुळांवरची उंची वाढली, पण जोडणारा पूल जुन्याच पातळीवर होता. अखेर जॅक लावून बर्फीवालाचा भाग उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. गोखले पूल पूर्ण क्षमतेने सुरू झाला ११ मे २०२५ रोजी.

शेजाऱ्यांचा त्रास कमी करता येतो का?

ढोबळ मानाने तीन मार्ग आहेत. पहिला, जुन्याच्या शेजारी नवा पूल बांधून मग जुना पाडणे. दादरच्या टिळक पुलासाठी हाच मार्ग निवडला आहे. दुसरा, एकेक बाजू पूर्ण करून वाहतूक सुरू करणे. तिसरा, पूल पूर्ण बंद करून काम लवकर उरकणे.

पहिला मार्ग सोयीचा, पण त्याला जागा लागते आणि दाटीच्या वस्तीत जागा म्हणजे कुणाचे तरी घर. एल्फिन्स्टनला हाच पेच होता. तिथे दुमजली पूल होणार आहे. वर शिवडी-वरळी उन्नत मार्ग, खाली स्थानिक वाहतूक. आधी पुनर्वसनाचे ठरवा, मग पूल पाडा, अशी रहिवाशांची मागणी होती. त्यांच्या विरोधामुळे एप्रिल २०२५ मध्ये पूल बंद करण्याचा निर्णय लांबला. तो बंद झाला १२ सप्टेंबर २०२५ रोजी.

पुढच्या पुलाआधी काय विचारावे?

जुना पूल धोकादायक असेल तर तो बंद करावाच लागतो, त्यात तडजोड नाही. पण ‘कधी उघडणार’ याआधी चार प्रश्न विचारायला हवेत. गर्डरचे काम कारखान्यात सुरू झाले आहे का? जोडरस्त्याची उंची नव्या पुलाशी जुळते का? चालणाऱ्यांसाठी जवळची वाट खुली राहणार का? आणि ज्यांचे घर जाणार, त्यांच्या पुनर्वसनाचा निर्णय कागदावर झाला आहे का? यातले एकही उत्तर ‘नंतर बघू’ असेल, तर जाहीर झालेली तारीख पुढे जाण्याचीच शक्यता जास्त.