‘३०३’ कीं ‘४१०’ ? : एका शस्त्रयादींतील पाठभेद

मुलुंड येथील एका संग्राहक मित्रांच्या दप्तरांत पहाऱ्याच्या बंदुकांच्या दोन हस्तलिखित याद्या आहेत. दोहोंत एकाच क्रमांकाची एक बंदूक आली आहे. पहिलींत तिचें माप ‘३०३’, दुसरींत ‘४१०’. मित्रांनीं दुसरा पाठ लेखकप्रमाद ठरवून समासांत ‘३०३ वाचावें’ असा शेरा मारिला व यादी संग्रहांत ठेवण्याजोगी आहे काय, असें मला विचारिलें. माझ्या मतें दोन्ही पाठ शुद्ध आहेत. बदलली ती बंदूक.

हे आंकडे नळीच्या व्यासाचे, इंचाच्या सहस्रांशांत आहेत. ०.३०३ इंची ली-एन्फील्ड रायफलीचा १९०७ सालचा नमुना बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत तयार होत असे. तिच्या पेटींत दहा काडतुसें मावत. (काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मुलुंड ज्या साष्टींत मोडतें ती १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यांत होती. तेव्हां आमच्या प्रांतास तो परका नव्हे.) पुढें अशा कित्येक रायफलींच्या नळींतील पेच कोरून काढून त्या ०.४१० इंचांपर्यंत रुंद व गुळगुळीत करण्यांत आल्या, आणि पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या. पोलिसांच्या हातीं ‘मस्केट’ म्हणून गेली ती हीच.

दूरवर मारा करणारें हत्यार एतद्देशीयांच्या हातीं देऊं नये, हें धोरण जुनेंच. १८५७ नंतर एन्फील्ड बंदुकीचे पेच काढून ०.६५६ इंची गुळगुळीत नळीचा १८५८ चा नमुना हिंदी पलटणींस दिला गेला. त्यांत नळी इतकी पातळ झाली कीं ती फुगूं वा वांकूं लागली, व लगेच जाड नळीचा दुसरा नमुना काढावा लागला.

मुख्य मुद्दा काडतुसाचा आहे. ३०३ च्या काडतुसास बाटलीसारखी मान असते. ४१० साठीं टरफल तेंच ठेविलें, मात्र मान न काढतां तें सरळ केलें व त्यांत मोठी गोळी वा छरे भरले. त्यामुळें काडतूस बसण्याच्या पोकळींतील, म्हणजे चेंबरांतील, पुढचा निमुळता भाग कापावा लागला. बुडाकडील माप तेंच राहिलें. परिणामीं या बंदुकींत ३०३ चें काडतूसही सहज शिरतें. तें उडविल्यास गोळी नळींत सैल पडते व टरफल फुगतें वा फाटतें. म्हणजे मित्रांचा शेरा खरा मानून कोणी वागला असता, तर प्रमाद कागदावरच राहिला नसता !

यांपैकीं कांहीं बंदुका परदेशीं विकल्या गेल्या. तेथें बाजारांत मिळणारें छऱ्यांचें ४१० काडतूस बुडाशीं अधिक रुंद व लांब असल्यानें चेंबर पुन्हां मोठें करण्यांत आलें. येथें तसें करणें १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून निषिद्ध आहे.

ईशापूरच्या बंदुकीवर दस्त्याजवळ राजमुकुट, ‘जी. आर. आय.’, कारखान्याचें नांव व वर्ष कोरलेलें असतें. तें वर्ष मूळ निर्मितीचें, फेरफाराचें नव्हे. फेरफार ओळखावयाचा तो नळीच्या तोंडाशीं पेच आहेत कीं नाहींत, पेटींत ठोकळा आहे काय, हें पाहून; आणि तेंही बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेऊनच.

मित्रांनीं आपला शेरा खोडला नाहीं. त्याखालीं तारीख घालून ‘मूळ पाठच ग्राह्य’ एवढें लिहिलें आहे.