आवाज मोठा नको, सारखा हवा

घरगुती समारंभात आवाजाबद्दलच्या दोन तक्रारी नेहमी एकदमच येतात. पुढच्या रांगेतल्या आजी कानावर पदर धरून सांगतात, ‘अरे, जरा बारीक कर रे.’ नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगेतले मामा हात उंचावून खूण करतात, की इकडे काहीच ऐकू येत नाही. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांमध्ये अंतर असते जेमतेम पन्नास फुटांचे. अशा वेळी डीजेने ऐकायचे कुणाचे? बहुधा तो नवरदेवाच्या धाकट्या भावाचे ऐकतो, आणि धाकट्या भावाला तर आवाज वाढवलेलाच हवा असतो.

गेली वीस वर्षे मी पुण्यात आणि आसपास हाच व्यवसाय करतो आहे. वरातीतला नव्हे. हळद, संगीत, साखरपुडा, बारसे, एकसष्टी, सोसायटीचा गणपती, अशा शंभर-दीडशे माणसांच्या कार्यक्रमांचा. पण ‘डीजे’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंतच उभी राहते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तर त्या भिंतीला ‘डॉल्बी’ असेच नाव पडले आहे. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ साली काढलेली कंपनी नावारूपाला आली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. खरखर घालवणाऱ्याचे नाव आपण कानठळ्यांना दिले!

माझ्याकडे अशी भिंत नाही. माझ्याकडे आहेत दोन खांब. खाली बासचे खोके आणि त्यावर खोचलेली, मनगटाहून थोडी जाड, माणसाच्या उंचीची काठी. इंग्रजीत याला कॉलम स्पीकर म्हणतात. पहिल्यांदा पाहणारे यजमान हमखास विचारतात, ‘एवढ्याशा काठीतून काय आवाज येणार?’ हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर.

बल्ब आणि ट्यूबलाइट

खांबाची कल्पना तशी नवी नाही. शाळेच्या प्रार्थनेला किंवा देवळाच्या सभामंडपात भिंतीवर टांगलेली उभी, अरुंद लाकडी पेटी ज्यांना आठवते, त्यांनी तिचा पूर्वज पाहिलेला आहे. तिच्यात चार-सहा लहान स्पीकर एकाखाली एक बसवलेले असत. पुढे १९९२ साली फ्रान्सच्या ख्रिश्चन हाइल यांनी अनेक स्पीकर एका रेषेत लावण्याचे गणित नव्याने मांडले आणि मोठ्या मैफलींच्या व्यासपीठांवर उंच, लटकत्या माळा दिसू लागल्या. २००३ साली ‘बोस’ने ‘एल-वन’ हा एकट्यादुकट्या कलाकाराला स्वतः उचलून नेता येईल असा खांब आणला, आणि मग जेबीएल, आरसीएफ, इलेक्ट्रो-व्हॉइस वगैरे सगळ्यांनीच आपापले खांब बाजारात उभे केले.

यातले मर्म समजायला बल्ब आणि ट्यूबलाइट आठवावी. बल्बखाली लखलखाट आणि कोपऱ्यात अंधार. ट्यूबलाइटचा उजेड त्यामानाने खोलीभर सारखा. नेहमीच्या खोक्यातला आवाज बल्बसारखा वागतो. तो फुग्यासारखा सर्व बाजूंनी पसरतो, आणि अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून २ मीटरवर आजी आणि १६ मीटरवर मामा बसले असतील तर मधे अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे मामांना १८ डेसिबल कमी ऐकू येते. दहा डेसिबल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले तर मामांच्या वाट्याला जेमतेम पाव-तीस टक्के आवाज येतो.

खांबातला आवाज आडवा रुंद पसरतो, पण वर-खाली फारसा पसरत नाही. म्हणून अंतर दुप्पट झाले तरी तो ३ डेसिबलनेच उतरतो. कागदावर मामांचे नुकसान १८ वरून ९ वर आले. आणखी एक फायदा आहे, तो आपल्या मंगल कार्यालयांसाठी विशेष मोलाचा. वर सिमेंटचा स्लॅब आणि खाली गुळगुळीत फरशी असलेल्या सभागृहात आवाज छत-जमिनीवर आपटून घुमतो आणि मंगलाष्टकांचा एकही शब्द कळत नाही. खांब छताकडे आवाज कमी फेकतो, त्यामुळे घुमणे कमी आणि शब्द स्पष्ट.

विक्रेते जे सांगत नाहीत

‘शेवटच्या माणसापर्यंत सारखाच आवाज’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. ते अर्धसत्य आहे. ३ डेसिबलचा हिशोब ठरावीक पल्ल्यापर्यंतच चालतो आणि तो पल्ला खांबाच्या उंचीवर अवलंबून असतो. माणसाच्या बोलण्यात महत्त्वाची असलेली १००० हर्ट्‌झची पट्टी घेतली, तर एक मीटर लांबीच्या स्पीकर-रांगेचा पल्ला दीड मीटरच्या आसपास भरतो. दोन मीटरच्या रांगेचा सहा मीटरच्या आसपास. उंची दुप्पट, तर पल्ला चौपट! त्यापुढे खांबही साध्या खोक्यासारखाच ६ डेसिबलने उतरू लागतो. म्हणजे मामांचे नुकसान प्रत्यक्षात ९ आणि १८ च्या मधे कुठेतरी राहते. तेवढाही फरक कानाला चांगला जाणवतो. पण खांब घेताना सर्वांत आधी टेप लावून स्पीकर-रांगेची उंची मोजावी ती याचसाठी. बुटका खांब दिसायला खांब असतो, वागायला खोकेच असतो.

दुसरी गोष्ट बासची. ६० हर्ट्‌झच्या ठोक्याची एक लाट साडेपाच मीटरहून लांब असते. तिला दोन मीटरची काठी काय आवरणार? बास खालच्या खोक्यातून निघतो, चारी दिशांना जातो आणि भिंती ओलांडून शेजारच्या इमारतीत पोचतो. रात्री शेजाऱ्यांना गाणे ऐकू येत नाही, नुसते धपधप ऐकू येते, ते त्यामुळे. म्हणून ‘खांब लावला, आता शेजाऱ्यांना त्रास नाही’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. शेजाऱ्यांसाठी बासचेच बटण खाली आणावे लागते. बासचे खोके कोपऱ्यात ठेवले तर दोन भिंतींमुळे ठोका फुकटात फुगतो. नाचणाऱ्यांना ते आवडते, पण बोलणे त्यात बुडते. मी ते कोपऱ्यापासून दूरच ठेवतो.

तिसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर छापलेला दोन हजारांचा आकडा बहुतेकदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. तासन्‌तास चालणारी ताकद त्याहून पुष्कळ कमी. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेव्हा पाचशे की हजार या वादात घरातली शांतता घालवू नये.

मग निवडावे कसे? माझी पद्धत साधी आहे. दुकानात गाणे लावू नये. आधी माइकवर बोलावे, दुसऱ्याला बोलायला लावून आपण पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे चालत जावे. चालताना आवाज फार चढला-उतरला नाही आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ शेवटपर्यंत नीट ऐकू आले, तर खांब चांगला. मग बासचे खोके स्वतः उचलून पाहावे. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत हळद असते, आणि वीस किलोचे वजन दुसऱ्या मजल्यापासून चाळीस वाटू लागते. खांबाचे तुकडे एकमेकांत खोचतात तो सांधा हलत नाही ना, तेही पाहावे. रोज काढ-घाल करून पहिला बिघाड तिथेच होतो. आणि दुरुस्ती आपल्या शहरात होते की खांब पेटीत घालून परमुलखी पाठवावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

माझा अनुभव असा : बसलेल्या शंभर माणसांना आणि भाषणांना एक उंच खांब पुरतो, दीडशे माणसे आणि नाच असेल तर दोन. मोकळ्या मैदानात पाचशे माणसे नाचणार असतील तर मी काम घेत नाही. ते मोठ्या संचाचे काम आहे, आणि तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

मांडणीचे शास्त्र

खांबाचा आवाज वर-खाली पसरत नाही हा जसा गुण, तसाच तो दोषही ठरतो. तीन फुटी व्यासपीठावर खांब उभा केला आणि मंडळी खाली भारतीय बैठकीवर असली, तर आवाज त्यांच्या डोक्यांवरून निघून जातो. काही कंपन्या खालच्या टोकाचे स्पीकर थोडे जमिनीकडे वळवून बसवतात ते यासाठीच. पण सर्वांत उत्तम म्हणजे खांब श्रोत्यांच्याच पातळीवर ठेवणे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान सुमारे चार फुटांवर असतो आणि उभ्याचा पाच फुटांवर. दोन्ही कान स्पीकर-रांगेच्या उंचीत यायला हवेत.

नाचणाऱ्यांचा घोळका खांब आणि वडीलधारी मंडळी यांच्यामध्ये येऊ देऊ नये. माणसांची शरीरे वरच्या पट्ट्यांचा आवाज शोषून घेतात; मागच्यांना मग नुसता बास उरतो. मी एक खांब नाचाच्या बाजूला ठेवतो आणि दुसरा, कमी आवाजाचा, ज्येष्ठांच्या बाजूला. आजींना विहीणबाईंशी बोलता आले पाहिजे. लग्नात त्या त्यासाठीच आलेल्या असतात.

माइकने शिट्टी मारणे हा या धंद्याचा जुना शाप. खांब अगदी जवळही कान फाडत नाही, म्हणून माइक थोडा जवळ आला तरी तो सहन करतो, थोडाच. काकांनी माइक हातात घेऊन थेट खांबाला टेकून भाषण सुरू केले तर ब्रह्मदेवही शिट्टी थांबवू शकणार नाही. गाणी लावायचा फोनही वायरने जोडावा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, आणि ऐन सप्तपदीच्या वेळी फोन वाजला तर त्याची रिंग साऱ्या सभागृहाला ऐकू येते.

दोन धोके मात्र गंभीर आहेत. खांब उंच आणि सडपातळ. गच्चीवरचा वारा किंवा पळापळ करणारी मुले त्याला सहज पाडू शकतात. तळाशी वजन ठेवावे आणि वायर येण्याजाण्याच्या वाटेवरून नेऊ नये. दुसरा धोका विजेचा. मांडवातल्या तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला, तर २३० व्होल्टच्या जागी ४०० पर्यंत दाब येऊ शकतो आणि खांबातला ॲम्प्लिफायर क्षणात जळतो. एका कार्यालयात मीटर लावून पाहिले तेव्हा काटा २९० च्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून माझा नियम आहे : आधी मीटर, मग प्लग.

कान परत मिळत नाहीत

हा सारा खटाटोप कशासाठी, असे तरुण व्यावसायिक मला विचारतात. चार मोठी खोकी लावली की गिऱ्हाईक खूश! त्यांना मी माझ्या वडिलांविषयी सांगतो. तालुक्याच्या गावी त्यांचे लाउडस्पीकरचे दुकान होते. कर्णे, तबकड्या आणि ॲम्प्लिफायर घेऊन त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पंचक्रोशीतली लग्ने वाजवली. आज त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘साखर’ म्हटले काय आणि ‘भाकर’ म्हटले काय, सारखेच. घरात चारचौघे हसले की तेही हसतात. कशाला हसलो हे त्यांना ठाऊक नसते. कानाच्या आत, शंखाकृती भागात, अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, त्यातही उंच पट्टीच्या आधी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. श्रवणयंत्राचा आधार आहे, पण तो आधारच.

व्यावसायिक आरोग्यशास्त्रातला एक प्रचलित हिशोब असा : ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार तास, दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी जे मानक दिले, त्यातही सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. आणि आपण खोक्यांसमोर कडेवरचे मूल घेऊन तास-तास उभे राहतो!

कायदाही आहेच. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या संचाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. म्हणजे दिवसा ६०, साधारणपणे दोन माणसांच्या नेहमीच्या बोलण्याइतका. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र.

तेव्हा यजमानांना माझी एक विनंती आहे. डीजे ठरवताना ‘किती वॅट?’ आणि ‘किती खोकी?’ हे दोन प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा : शेवटच्या रांगेत शब्द कळतील का? पहिल्या रांगेत बोलता येईल का? दहा वाजता तुम्ही स्वतःहून बंद कराल का? या तिन्हींना जो न अडखळता ‘हो’ म्हणेल, त्याच्याकडे खांब असो की खोके, त्याला खुशाल बयाणा द्या. खांब हे शेवटी साधन आहे. बटण माणसाच्याच हातात असते.