कर्करोग्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी कलेची साथ

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याचा प्रघात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेब येथे राहिले. १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबाने गायनाची परंपरा जोपासली. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कुंचल्याने या नगरीचे नाव दूरवर पोहोचविले. कलेचे हे वैभव दरबारात, रंगमंदिरात आणि चित्रपटगृहात नांदले. ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकते काय, हा विचार मात्र आपल्याकडे तुलनेने नवा आहे.

कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे उपचार महिनोन्महिने चालतात. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याच्या खेड्यातील रुग्ण त्यासाठी कोल्हापूरला किंवा मिरजेला येतो, प्रसंगी १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला आहे. परंतु रात्रीची झोप उडते, केस गळतात, थकवा जात नाही, आरशात पाहण्याचे धैर्य होत नाही. याची नोंद केसपेपरावर क्वचितच होते. हा रोग संसर्गाने पसरत नाही हे ठाऊक असूनही काही घरांत रुग्णाचा पेला वेगळा ठेवला जातो. औषध शरीरावर काम करीत असता मनाकडे कोणी पाहावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर क्षयरोगाच्या इतिहासात सापडते. इंग्लंडमधील चित्रकार एड्रियन हिल हा स्वतः क्षयाने आजारी होऊन मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल झाला असता अंथरुणावरच चित्रे काढू लागला आणि पुढे शेजारच्या रुग्णांनाही त्याने त्यात गोडी लावली. ‘कला-उपचार’ ही संज्ञा त्याने १९४२ मध्ये रूढ केली. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामातही विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा यांवरच भिस्त असे. पडून राहण्याच्या त्या दीर्घ काळात मनाला काही उद्योग हवा, ही साधी गोष्ट हिलने ओळखली.

कर्करोगाच्या रुग्णाला ती तितकीच लागू पडते. उपचार सुरू झाला की रुग्णाच्या हाती निर्णय फारसे उरत नाहीत. सुई केव्हा टोचावयाची, काय खावयाचे, घरी केव्हा जावयाचे हे इतर ठरवितात. कागदावर निळा रंग द्यावयाचा की तांबडा, हे मात्र त्याचे तोच ठरवितो. जे बोलता येत नाही ते रेषेतून किंवा सुरातून बाहेर पडते. चित्त गुंतल्याने वेदनेची जाणीव काही काळ मंदावते. गाताना श्वास दीर्घ होतो.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रशिक्षित उपचारकाने रुग्णाची स्थिती जाणून ठरावीक उद्दिष्टाने योजलेला तो कला-उपचार. कक्षात भजन लावणे किंवा रंगपेटी देणे हा कलेचा उपक्रम. दोन्ही उपयुक्त आहेत, पण एक नव्हेत. आपल्याकडे प्रशिक्षित उपचारक थोडे असल्यामुळे बहुतांशी दुसऱ्या प्रकारावरच समाधान मानावे लागते.

पुरावा काय सांगतो?

कर्करोग्यांसाठी संगीताच्या उपयोगाचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये घेतलेला आढावा ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्णांवर आधारित आहे. प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना आणि थकवा कमी होण्यास संगीताचे साहाय्य होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुराव्याचा दर्जा सर्वत्र भक्कम नाही, हेही तो सांगतो. नृत्य-उपचाराबाबत २०१५ च्या आढाव्यात केवळ ३ चाचण्या व २०७ रुग्ण होते, आणि त्यांवरून ठाम मत देता आले नाही. गाठ विरघळविण्याचे सामर्थ्य कोणत्याही कलेत नाही. तसे सांगून रुग्णाला केमोपासून परावृत्त करणारा मनुष्य कलावंत असो वा महाराज, त्याला दारात उभे करू नये.

गावाच्या पातळीवर

यासाठी मोठी साधने लागत नाहीत. मिश्री व तंबाखूच्या सवयीमुळे मुखाचा कर्करोग आपल्याकडे बराच आढळतो. शस्त्रक्रियेनंतर उच्चार अस्पष्ट होतात, आणि ज्याने वीस वर्षे भजनी मंडळात चाल धरली तो माणूस मंडळात येणेच सोडतो. त्याला बोलावून हाती टाळ द्यावा, पेटीवर बसवावे. अल्लादिया खाँसाहेबांचा आजार निराळा होता, परंतु आमलेटा येथे अतिगायनाने बसलेला त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडविली आणि तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून मान्यता पावली.

स्त्रियांना वाकळ शिवणे, रांगोळी, ओव्या हे हातचे आहे. पण स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. सुई टोचणे टाळावे, अंगुस्तान वापरावे आणि हात दुखू लागताच थांबावे. केमोनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कुंभारकामाची ओली माती हाताळू नये, कारण तिच्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. तैलरंग आणि टर्पेंटाइनच्या वासाने मळमळ वाढते, तेव्हा जलरंग किंवा खडू बरे. अशा बाबतींत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावे.

शाळेचे चित्रकला शिक्षक, ग्रंथालयाचे कार्यवाह आणि आशा कार्यकर्त्या यांनी एकत्र येऊन आठवड्यातून एक तास रुग्णाच्या घरी दिला तरी पुष्कळ होईल. ग्रामपंचायतीने कागद, रंग आणि येण्याजाण्याची सोय पाहावी. शिकवू नये, गुण देऊ नयेत, ‘छान’ म्हणण्याची घाईही करू नये. रुग्णाला नुसते ऐकत पडून राहावयाचे असेल तर तेही चालेल. गाणे त्याच्या आवडीचे असावे, कार्यकर्त्याच्या नव्हे. आणि ४ फेब्रुवारीच्या कर्करोग दिनी सभेत त्याला उभे करून त्याचे चित्र दाखविण्याचा मोह आवरावा. ते चित्र कोणाला दाखवावयाचे, की फाडून टाकावयाचे, हे त्यालाच विचारावे.