भाड्याच्या मैदानावरची वीस वर्षं

२०१३-१४ च्या हंगामात नॉर्थॅम्प्टनच्या सिक्सफिल्ड्स मैदानाबाहेर एका टेकाडावर सामन्याच्या दिवशी माणसं येऊन उभी राहत. अंगावर आकाशी निळे शर्ट, गळ्यात त्याच रंगाचे मफलर. आत खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तिकिटंही मिळत होती. तरी ही मंडळी बाहेर उभी राहून, टेकाडावरून जेवढं दिसेल तेवढंच मैदान पाहत. खेळणारा संघ त्यांचाच होता, कॉव्हेंट्री सिटी. पण स्वतःच्या शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या मैदानाला ‘घरचं मैदान’ म्हणायला आणि तिथे तिकिटाचे पैसे टाकायला त्यांची तयारी नव्हती. त्या टेकाडाला त्यांनी नाव दिलं होतं ‘जिमीज हिल’.

हे नाव जिमी हिल यांच्यावरून आलं. १९६१ मध्ये ते या क्लबचे व्यवस्थापक झाले. संघाला आकाशी निळा रंग दिला, क्लबचं गाणं रचण्यात भाग घेतला आणि १९६७ मध्ये संघाला पहिल्या श्रेणीत नेऊन ठेवलं. तिथे तो पुढची ३४ वर्षं सलग टिकला. हिल पुढे क्लबचे अध्यक्ष असताना, १९८१ मध्ये, कॉव्हेंट्रीचं हायफिल्ड रोड हे इंग्लंडमधलं सर्व प्रेक्षकांना बसायला खुर्च्या असलेलं पहिलं मैदान ठरलं. १९८७ मध्ये वेम्ब्लीवर टॉटनहॅमला ३-२ असं हरवून क्लबने एफए चषक जिंकला. १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्याच्या कामगारांनी सुरू केलेल्या क्लबसाठी ही कमाई लहान नव्हती.

हायफिल्ड रोडवर क्लब १८९९ पासून खेळत होता. हे मैदान गेलं कसं, याची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढच्या भांडणांत खलनायक पुष्कळ सापडतात आणि प्रत्येक चाहत्याचा आपला एक ठरलेला असतो. पण मूळ घाव क्लबच्या आपल्याच कार्यालयातून बसला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्लब प्रीमियर लीगमध्ये होता आणि अध्यक्ष ब्रायन रिचर्डसन यांच्या डोळ्यांसमोर एक भव्य स्टेडियम होतं. शहराच्या उत्तरेला फोल्सहिल भागात जुन्या गॅस कारखान्याची जागा होती. तिथे सरकतं छप्पर आणि आत-बाहेर नेता येणारी खेळपट्टी असलेलं मैदान उभारायचं ठरलं. पैसा उभा करायला हायफिल्ड रोड एका गृहबांधणी कंपनीला विकलं आणि तेच मैदान भाड्याने परत घेतलं. नवं घर बांधून व्हायच्या आधीच जुनं विकून क्लब मोकळा झाला होता. २००१ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, दूरचित्रवाणीचं उत्पन्न आटलं, कर्ज मात्र तसंच राहिलं.

प्रकल्प कोलमडू नये म्हणून कॉव्हेंट्रीची नगर परिषद पुढे आली. सोबत ॲलन एडवर्ड हिग्ज न्यास होता. तो मुळात शहर-परिसरातल्या वंचित मुलांसाठी काम करणारा धर्मादाय न्यास. स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीत, म्हणजे अरीना कॉव्हेंट्री लिमिटेडमध्ये, क्लबचा निम्मा हिस्सा होता. हातात रोकड नसल्याने क्लबने तोही न्यासाला विकला. २००५ च्या ऑगस्टमध्ये ३२ हजारांवर आसनांचं नवं स्टेडियम उघडलं तेव्हा त्यात क्लबच्या मालकीची एक वीटही नव्हती.

स्टेडियमला जग्वार कंपनीचं नाव मिळायचं होतं. पण २००४ मध्ये शहरातल्या ब्राउन्स लेन कारखान्यातलं मोटार उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, कंपनीने प्रायोजकत्वातून अंग काढून घेतलं आणि पाटीवर रिको आलं. तीच जग्वार २००८ मध्ये लँड रोव्हरसह आपल्या टाटा मोटर्सकडे आली. तिचं मुख्यालय आजही कॉव्हेंट्रीतच आहे.

भाडं ठरलं वर्षाला १२ लाख पौंडांच्या पुढे. बातम्यांमध्ये सगळा भर या आकड्यावर असे. दुखणं मात्र त्याच्या शेजारच्या रकान्यात होतं. सामन्याच्या दिवशी वीस हजार माणसं येतात तेव्हा ती फक्त तिकीट काढत नाहीत. ती गाडी लावतात, पाई आणि बिअर घेतात, काहीजण वरच्या दालनांत बसून जेवतात. शिवाय स्टेडियमच्या इमारतीत हॉटेल होतं, कॅसिनो होता, प्रदर्शनांची दालनं होती. या गल्ल्यातलं क्लबच्या हाती जवळजवळ काहीच पडत नव्हतं. माणसं ज्याच्या ओढीने येत तो संघ भाडं भरत होता, आणि त्या गर्दीवर होणारी कमाई दुसऱ्याच्या तिजोरीत जात होती. बरोबरीच्या स्वतःचं मैदान असलेल्या क्लबांशी अशा हिशेबावर टक्कर देता येत नाही.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वाट्यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनशी खटके उडत राहिले आणि शेवटी असोसिएशनने हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं केलं. कॉव्हेंट्रीच्या खिशात त्यासाठी पैसा नव्हता.

डिसेंबर २००७ मध्ये क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात जायच्या बेतात असताना लंडनच्या सिसू या हेज फंडाने तो विकत घेतला. पुढे २०१२ मध्ये संघ आणखी एक श्रेणी खाली गेला आणि त्याच वसंतात क्लबने भाडं भरणं थांबवलं. तिसऱ्या श्रेणीतल्या संघाला हे भाडं पेलणार नाही, हे म्हणणं खरंच होतं. पण २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल देताना भाडं थकवण्यामागचा डावही स्पष्ट मांडला: स्टेडियम कंपनीला आर्थिक कोंडीत पकडायचं, म्हणजे तिचा हिस्सा स्वस्तात पदरात पडेल. त्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, परिषदेने कंपनीचं बँकेचं कर्ज १ कोटी ४४ लाख पौंडांचं स्वतःचं कर्ज देऊन फेडलं आणि कोंडी फोडली. सार्वजनिक पैशाचा हा वापर बेकायदा असल्याचा दावा घेऊन सिसू वर्षानुवर्षं न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली आणि हरत राहिली.

मधल्या काळात क्लबची एक कंपनी प्रशासकाकडे गेली, त्यापायी दोन हंगामांत मिळून २० गुण कापले गेले आणि फुटबॉल लीगने नॉर्थॅम्प्टनमध्ये खेळायची परवानगी दिली. ऑगस्ट २०१३ मधल्या तिथल्या पहिल्या सामन्यात कॉव्हेंट्रीने ब्रिस्टल सिटीला ५-४ असं हरवलं. नऊ गोलांचा तो सामना मैदानात बसून पाहिला २,२०४ माणसांनी. आदल्या हंगामात शहरातल्या मैदानावर सरासरी दहा हजारांच्या वर लोक येत होते. टेकाडावरच्यांवर तेव्हा टीकाही झाली. संघ अडचणीत असताना पाठ कसली फिरवता, असं विचारलं गेलं. मला ती माणसं सर्वांत शहाणी वाटतात. क्लबच्या हिशेबात त्यांचं वजन फक्त तिकिटाच्या पैशाइतकं धरलं जात होतं, म्हणून त्यांनी नेमकं तेच रोखून धरलं.

संघ सप्टेंबर २०१४ मध्ये शहरात परतला आणि गिलिंगहॅमविरुद्धच्या सामन्याला २७ हजारांवर गर्दी लोटली. त्यानंतर काही आठवड्यांतच स्टेडियम कंपनी वॉस्प्स या रग्बी क्लबला विकली गेली. सोबत मैदानाचा पट्टा २५० वर्षांचा झाला. वॉस्प्सचं मूळ लंडनचं, त्यांचाही मुक्काम तेव्हा भाड्याच्या मैदानावर होता. परिषदेला तोट्याचं ओझं उतरवायचं होतं, हे समजतं. पण ज्याच्या नावाने हे स्टेडियम उभं राहिलं त्याला डावलून बाहेरच्या संघाला अडीच शतकांचा पट्टा देणं, ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. पहिलीइतकीच घाईची.

या विक्रीवरूनही खटले झाले. न्यायालयीन लढाई थांबल्याशिवाय क्लबशी भाड्याचा नवा करार नाही, असं वॉस्प्सचं म्हणणं. युरोपियन आयोगाकडच्या तक्रारीने तिढा आणखी वाढला. २०१९ मध्ये क्लबला लीगमधूनच काढायच्या ठरावापर्यंत वेळ आली. ती टळली, पण पुढचे दोन हंगाम बिऱ्हाड बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूजवर गेलं. याच काळात मार्क रॉबिन्स या व्यवस्थापकाने उभ्या केलेल्या संघाने तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. एक मोसम चौथ्या श्रेणीत काढलेला हा संघ परक्या शहरात खेळून वर आला. त्या खेळाडूंचं आणि रॉबिन्स यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

२०२१ मध्ये वॉस्प्सशी दहा वर्षांचा करार होऊन संघ परतला. आता तरी घडी बसेल असं वाटत असताना पुढच्याच उन्हाळ्यात राष्ट्रकुल स्पर्धेचं रग्बी सेव्हन्स इथे झालं. तीन दिवसांत साठहून अधिक सामने. गवत उखडलं आणि खेळपट्टी खेळण्यालायक उरली नाही. क्लबचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले, लीग चषकाचा सामना बर्टनला जाऊन खेळावा लागला. मैदानावर कोण खेळेल, कधी खेळेल, नंतर गवताची निगा कोण राखेल, यातला शब्द भाडेकरूचा नव्हताच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉस्प्सच प्रशासकाकडे गेले. २०१५ मध्ये गुंतवणूकदारांकडून रोख्यांवर उचललेले साडेतीन कोटी पौंड मुदतीत फेडता आले नव्हते. पाठोपाठ स्टेडियम कंपनीही बुडाली. उद्योजक डग किंग यांनी सिसूकडून क्लब घेतला आणि स्टेडियमसाठीही बोली लावली. स्टेडियम मात्र न्यूकॅसलचे माजी मालक माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपने १ कोटी ७० लाख पौंडांना उचललं. डिसेंबरमध्ये नव्या घरमालकाची नोटीस आली: नवा करार करा, नाहीतर जागा सोडा. क्लबने सही केली. त्याच हंगामात हा संघ प्रीमियर लीगच्या दारापर्यंत गेला आणि वेम्ब्लीवर ल्यूटनकडून पेनल्टीवर हरला.

ऑगस्ट २०२५ मध्ये किंग यांनी फ्रेझर्सकडून स्टेडियम खरेदी केलं. हायफिल्ड रोड सोडल्यानंतर वीस वर्षांनी क्लब आणि मैदान पहिल्यांदा एका हाताखाली आले. चाहत्यांचा आनंद मोठा होता आणि तो त्यांच्या हक्काचा होता. पण ‘एका हाताखाली’ म्हणजे आज एका माणसाच्या हाताखाली. उद्या क्लब एकाला आणि स्टेडियम दुसऱ्याला विकलं गेलं, तर पुन्हा तोच खेळ सुरू होऊ शकतो. मालकाचा हेतू चांगला असल्याने कागद सुरक्षित होत नाही.

योगायोगाने त्याच २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासनाचा कायदा संमत केला. त्यात व्यावसायिक क्लबांवर स्वतंत्र नियामकाची तरतूद आहे. क्लबला घरचं मैदान विकायचं किंवा गहाण टाकायचं असेल, तर आधी त्याची मंजुरी घ्यावी लागेल. दुसरीकडे जायचं असेल तर चाहत्यांचं मत विचारावं लागेल. हायफिल्ड रोडच्या विक्रीवेळी असं विचारणारं कोणी नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या लोकांनी आता किंग यांच्याकडे एकच गोष्ट लेखी मागायला हवी: क्लब कधीही विकला, तर स्टेडियमचा पट्टा त्याच व्यवहारात, त्याच खरेदीदाराच्या नावावर जाईल.