सुंगच्चावडीतला फास्टॅग

तमिळमध्ये टोलनाक्याला ‘सुंगच्चावडी’ म्हणतात. चेन्नईहून कुंभकोणमला निघालेल्या मराठी प्रवाशाला हिरव्या पाटीवरची वळणदार अक्षरं लागली नाहीत, तरी शब्द कानावर पडला की त्यातली चावडी लगेच ओळखू येते. सुंगम म्हणजे जकात. आपल्या ‘शुल्क’चाच लांबचा नातेवाईक. या मुलखात जकातीला मोठा इतिहास आहे. कुंभकोणमपासून फार लांब नसलेल्या गंगैकोंडचोळपुरम इथून राज्य करणाऱ्या पहिल्या कुलोत्तुंग चोळाने जकात माफ केली आणि लोकांनी त्याला ‘सुंगम तविर्त्त चोळन’, म्हणजे जकात उठवणारा चोळ, हा किताब दिला. नऊशे वर्षं झाली, राजाच्या लढाया विसरल्या गेल्या, पण माफी लक्षात राहिली. कुठल्याही महामार्ग मंत्र्याला हेवा वाटावा अशी कीर्ती!

आजच्या सुंगच्चावडीत तोंडाने कुणी काही मागत नाही. काचेवर चिकटवलेली एक चिठ्ठी परस्पर देणं चुकतं करते.

समजा, नवग्रहांच्या यात्रेला आलेल्या पुण्याच्या एका कुटुंबाने चेन्नईत गाडी भाड्याने घेतली आहे. कुंभकोणम तिथून सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत परनूर, आत्तूर आणि विक्रवांडी असे तीन नाके लागतात आणि मग गाडी तंजावरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६ धरते. (या रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं, की या भागात तो थट्टेचा विषय झाला होता.) विक्रवांडीला गाडी लेनमध्ये शिरते. वर छताला एक चपटा डबा तिरका टांगलेला असतो. तो अँटेना. त्यातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सतत खाली पडत असतात. आरशामागच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. असते ती तिळाहून लहान चिप आणि तिच्याभोवती धातूची पातळ नक्षी. अंगावर आलेल्या लहरींतूनच चिपला जागं होण्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. टॅग सांगतो ते एवढंच. त्याच्या पोटात पैसे नसतात. पैसे असतात बँकेच्या खात्यात.

याच वेळी लेनमधली दुसरी यंत्रणा गाडीचा आकार आणि आसांची संख्या पाहून ती कार, बस की मालट्रक हे ठरवते. टॅगवरची माहिती आणि डोळ्यांसमोरची गाडी जुळली, टॅग काळ्या यादीत नसला, की दांडा वर जातो.

इथे बहुतेकांचा एक समज चुकतो. पैसे कापले गेले म्हणून दांडा उठत नाही. टॅग ‘चालू’ आहे एवढं दिसलं की तो उठतो. हिशेब नंतर होतो. नाक्याची बँक भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेकडे निरोप धाडते, तिथून तो ज्या बँकेने टॅग दिला तिच्याकडे जातो, ती बँक खात्यातून रक्कम वळती करते आणि मग गाडीच्या मालकाचा मोबाइल वाजतो. तोवर मंडळी पुढच्या ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाटीखाली पितळी डबरा-तुंबलर घेऊन बसलेलीही असतात.

शिल्लक कमी पडली की टॅग काळ्या यादीत जातो. म्हणूनच रांगेच्या तोंडाशी उभं राहून घाईघाईने केलेला रिचार्ज कधी कधी वाया जातो. खात्यात पैसे पडतात, पण नाक्याकडे जुनीच यादी असते. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांना टॅगची ताजी अवस्था लगेच कळते, राज्य महामार्गांवरचे काही नाके मात्र ठरावीक वेळाने येणाऱ्या यादीवर चालतात, असा खुलासा महामार्ग प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केला होता. शहाणा ड्रायव्हर निघण्याआधी घरीच शिल्लक पाहतो.

ही स्वस्त चिठ्ठी आली कुठून? दिल्ली-गुडगाव रस्त्यावर २००८ मध्येच बॅटरीवाल्या महागड्या डब्या आल्या होत्या. पण मालट्रकवाल्याला परवडेल असं काही हवं होतं. नंदन नीलेकणी यांच्या समितीने २०१० मध्ये बिनबॅटरीच्या टॅगची शिफारस केली आणि २०१४ पासून फास्टॅग मुंबई-अहमदाबाद मार्गावरून पुढे पसरत गेला. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाड्या टॅग लावूनच विकल्या जाऊ लागल्या आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री राष्ट्रीय महामार्गावरच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या. महाराष्ट्राने आपल्या राज्यातल्या नाक्यांवर ही सक्ती १ एप्रिल २०२५ पासून केली.

फायदा खरा आहे आणि तो मोजलेला आहे. सरकारी आकडेवारीनुसार नाक्यावर सरासरी आठ मिनिटं थांबावं लागे, ते ४७ सेकंदांवर आलं. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत, एका रुपयाऐवजी हातात पडणारं चॉकलेट, पावतीसाठी खिडकीतून बाहेर काढलेला हात, हे सगळं गेलं. डिझेल वाचलं. मालट्रकच्या मालकाला आपली गाडी किती वाजता कुठला नाका ओलांडून गेली हे घरबसल्या कळू लागलं. ड्रायव्हरजवळ टोलसाठी द्यायच्या रोख रकमेचा आणि तिच्या हिशेबातल्या संशयाचा प्रश्नही मिटला. ही शेवटची गोष्ट कुठल्याच सरकारी पत्रकात येत नाही, पण वाहतूकदारांना विचारलं तर ते बहुधा तीच आधी सांगतील.

मात्र खिडकीवरचं भांडण संपलं नाही, ते तक्रारक्रमांकाकडे सरकलं. कारला मिनी बस समजून जास्त पैसे कापले जाणं, एकाच नाक्यावर दोनदा कापले जाणं, गाडी अंगणात उभी असताना भलत्याच नाक्याचा मेसेज येणं हे प्रकार घडतात. पूर्वी समोरच्या माणसाशी तिथल्या तिथे वाद घालता येई. आता १०३३ वर फोन करून वाट पाहायची. दरमहा सुमारे ३० कोटी व्यवहारांत चुकीच्या वसुलीच्या खऱ्या तक्रारी ५० च्या आसपास असतात, असं प्राधिकरण सांगतं. पण चाळीस-पन्नास रुपयांसाठी तक्रारच न करणारे या आकड्यात कसे येणार?

प्रवाशाच्या बाजूचा एक नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. टॅग धड आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्याचंच यंत्र बिघडलं, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची, असं २०१८ ची अधिसूचना सांगते. उलट चालू टॅग नसेल तर शंभराच्या टोलला रोखीने दोनशे, यूपीआयने सव्वाशे मोजायचे, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून आला.

काही दुखणी यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहेत. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दक्षिणेतल्या टोलवसुलीचा अहवाल दिला. त्यात पाच नाक्यांवर नियमाबाहेर सुमारे १३२ कोटी रुपये गोळा झाल्याचा ठपका होता. टॅग पैसे बिनचूक कापतो. ते कापायला हवे होते का, हे तो विचारत नाही.

तमिळनाडूच्या सरकारी बसगाड्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. कुंभकोणम हे राज्य परिवहनाच्या एका मोठ्या महामंडळाचं मुख्यालय, त्यामुळे बस आणि टोल हा इथल्या चहाच्या टपरीवरचाही विषय. मदुराई-कन्याकुमारी मार्गावरच्या चार नाक्यांचे राज्याच्या परिवहन महामंडळांनी २७६ कोटी रुपये थकवले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सरकारी बस तिथून सोडू नयेत असा आदेश दिला. नंतर महामंडळांना मुदत मिळाली. कारवाल्याची शिल्लक दहा रुपयांनी कमी पडली तर दांडा खाली, आणि इथे कोट्यवधी थकेपर्यंत दांडा वरच!

नेहमी जा-ये करणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांचा वार्षिक पास आला: वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे त्या भावाने सरासरी पंधरा रुपये. चेन्नईत नोकरी करून दर महिन्याला स्वतःच्या गाडीने कुंभकोणमला येणाऱ्याला तो फायद्याचा. पुण्याच्या कुटुंबाच्या भाड्याच्या गाडीला तो चालत नाही, कारण पास फक्त खाजगी गाड्यांचा. आणि घरी परतल्यावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही त्याचा उपयोग नाही. तो रस्ता राज्याचा.

पुढचा बेत दांडाच काढून टाकायचा आहे. गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तसा करार झाला: रस्त्यावर आडवी कमान, तिच्यावर टॅग वाचणारी यंत्रं आणि नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे. गाडी वेग कमी न करता निघून जाते. टोल मिळाला नाही तर ई-नोटीस जाते. उपग्रहावरून अंतर मोजून टोल घेण्याची कल्पनाही मधे चर्चेत होती, पण १ मे २०२५ पासून तसं काही लागू करण्याचा निर्णय झालेला नाही, असं सरकारनेच एप्रिलमध्ये जाहीर केलं.

कुंभकोणमचा महामहम हा स्नानोत्सव बारा वर्षांनी येतो. २०१६ च्या फेब्रुवारीत तो भरला तेव्हा नाक्यानाक्यावर नोटा मोजल्या जात होत्या. पुढचा २०२८ मध्ये आहे. तोवर विक्रवांडीला कमान उभी राहिली, तर यात्रेकरूंच्या गाड्या न थांबता पुढे जातील. ज्यांचा टॅग चालला नाही, त्यांना ते महामहमचं स्नान उरकून घरी पोचल्यावर नोटिशीतून कळेल.