वाऱ्याच्या मापावर शिक्का

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तेथे समुद्रकाठी केनेडी अंतराळ केंद्र आहे आणि तेथून रॉकेटे उडतात. एवढे बलवान रॉकेट, त्याला वाऱ्याची कसली भीती, असे कोणीही म्हणेल. पण रॉकेट उंच आणि सडपातळ असते. दहा-बारा किलोमीटरवर वारा फार जोराचा, त्यात खालच्या थरात एक दिशा तर वरच्या थरात दुसरी. ऐन वेगात आडवा हिसका बसला तर रॉकेट मोडूसुद्धा शकते. म्हणून वरचा वारा मोजल्याशिवाय उड्डाणाला होकार देत नाहीत.

मोजायची जुनी रीत फुग्याची. फुगा सेकंदाला सुमारे 5 मीटर चढतो. मग 18 किलोमीटर चढायला किती वेळ? मित्रांनो, पाटीवर गणित करा. 3600 सेकंद, म्हणजे पुरा एक तास! तेवढ्यात वर वारा फिरला तर खाली कुणाला पत्ता नाही.

म्हणून रडार आणले. मोकळ्या मैदानात टीव्हीच्या एरियलसारख्या शेकडो एरियल उभ्या असतात. त्या आकाशात सुमारे 6 मीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतात. हवेतल्या लहान भोवऱ्यांवरून लहरीचा अगदी थोडा भाग परत येतो. शिट्टी वाजवत आगगाडी जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, लांब जाताना उतरतो. लहरीतही तसाच फरक पडतो आणि त्यावरून वारा कळतो. दर पाच मिनिटांनी नवे आकडे!

पण आकडा आला म्हणजे तो खरा का? मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. विमान मध्ये आले, किंवा दुसरीच रेडिओलहर घुसली, तर रडार त्यालाच वारा समजू शकते. दुकानातल्या वजनावर सरकारी शिक्का नसेल तर आई तिथून धान्य घेत नाही. तसा रडारलाही शिक्का लागतो. त्यासाठी रडार चालू ठेवून त्याच वेळी फुगे सोडतात आणि प्रत्येक उंचीचे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून बघतात. असे पुष्कळ वेळा करतात. यात एक गोम आहे. फुगा वाऱ्याबरोबर दूर वाहत जातो, रडार मात्र डोक्यावरचेच पाहते. मग आकडे तंतोतंत कसे जुळणार? म्हणून किती फरक चालेल, हे ठरवावे लागते. शिवाय रडार सुमारे 150 मीटरच्या थराचा मिळून एक आकडा देते. त्यातले बारीक हिसके त्याला दिसत नाहीत, ते हिशेबात वेगळे धरावे लागतात.

पुढे जुन्या रडारच्या जागी नवे बसवले, तेव्हा जुन्याचा शिक्का नव्याला चालला नाही. पुन्हा फुगे, पुन्हा ताळा. आणि फुगे अजूनही सोडतातच.