दोन राउटर असले म्हणजे झाले?

स्वयंपाकघरात गॅसचे दोन सिलिंडर असले की गृहिणी निश्चिंत असते. एक शेगडीला जोडलेला, दुसरा कोपऱ्यात भरलेला. पण दोन शेगड्या मांडून दोन्ही सिलिंडर एकदम वापरायला काढले तर? स्वयंपाक लवकर होईल खरा, शिलकीत मात्र काही उरणार नाही. बँका आणि रुग्णालये यांच्या संगणक-जाळ्यातही हाच पेच असतो.

कचेरीतला संगणक बाहेरच्या जगाशी बोलतो तो राउटर नावाच्या यंत्रामार्फत. त्याला या दाराचा एकच पत्ता ठाऊक असतो. तिथला राउटर बंद पडला, की शेजारी दुसरा सुरू असूनही सगळे ठप्प! यावर १९९०च्या दशकात तोड निघाली, ती म्हणजे दोन राउटरना मिळून एक सामाईक पत्ता देणे. सिस्को कंपनीच्या 'एचएसआरपी' पद्धतीत कामावरचा राउटर साधारणपणे दर ३ सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप धाडतो. १० सेकंद निरोप आला नाही, की राखीव राउटर तो पत्ता स्वतःकडे घेतो. संगणकांना याची गंधवार्ताही नसते.

पण रिकामा बसलेला राउटर पाहून हिशेबनिसाच्या पोटात दुखते. मग निम्म्या संगणकांना एक राउटर, निम्म्यांना दुसरा, आणि दोघे एकमेकांचे राखीव, अशी वाटणी होते. पैसे वसूल होतात. फसगत होते ती इथेच. सुरुवातीला दोघांवर ३०-३० टक्के भार असतो. कामे वाढतात, भार हळूहळू ७० टक्क्यांवर जातो आणि कुणाची तक्रार नसते. मग एके दिवशी एक बंद पडतो आणि दुसऱ्यावर १४० टक्के भार कोसळतो! म्हणून ऐन गर्दीतही प्रत्येकावर निम्म्याहून कमीच भार हवा. म्हणजे रिकामी जागा ठेवावीच लागते, एका यंत्रात नाही तर दोघांत मिळून.

आणखी एक गोम आहे. राउटर ठणठणीत, पण बाहेर जाणारी तार तुटलेली, असेही होते. तो बापडा 'मी आहे' म्हणतच राहतो. त्याला तारेवर नजर ठेवून आपला अग्रक्रम उतरवायला शिकवावे लागते. शिवाय जोडीदाराला पुढे येण्याची मुभा आधीच द्यावी लागते. एचएसआरपीत ती आपोआप मिळत नाही.

आणि दोन्ही तारा एकाच वाटेने जात असतील तर? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग' या दोन वेगवेगळ्या केबल एकाच दिवशी निकामी झाल्या. भारतातले इंटरनेट रडतखडत चालू लागले. ज्यांनी पूर्वेकडची वाटही घेऊन ठेवली होती, त्यांचे निभावले.

व्यवस्था खरी की कागदावरची, हे पाहायचे असेल तर सर्वांना आधी कळवून एका राउटरची वीज मुद्दाम काढावी. मात्र ती रविवारी पहाटे नव्हे, सोमवारी अकरा वाजता.